व्हॅम्पायर हंटर डी – ब्लडलस्ट : शिकाऱ्याने सोडून दिलेला उमराव

रातकिडा

योशिआकी कावाजिरी यांच्या 'व्हॅम्पायर हंटर डी – ब्लडलस्ट' या जपानी अॅनिमेशनपटावर इथे स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून यावं. आणि अॅनिमेशन आहे म्हणून पोरांना शेजारी घेऊन बसू नका. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र होतं आणि ते योग्यच होतं.

गोष्ट हजारो वर्षांनंतरच्या पृथ्वीवरची. एके काळी माणसांवर व्हॅम्पायरांचं राज्य होतं, त्यांना 'उमराव' म्हणतात. आता ते राज्य संपत आलंय. मोडके किल्ले, ओसाड माळ, मधूनच एखादं भेदरलेलं गाव, आणि मोबदला घेऊन उरल्यासुरल्या उमरावांना मारणारे शिकारी. डी त्यांतलाच एक. बाप उमराव, आई माणूस. त्याच्या डाव्या तळहातावर एक बोलका चेहरा आहे, आणि डी जितका अबोल तितका हा हात वाचाळ.

सुरुवातीची पाच-सात मिनिटंच पाहा. रात्रीच्या गावातून एक काळी बग्गी जाते. तिच्या वाटेवरचे क्रूस पिळवटून वाकतात, फुलं कोमेजतात, कारंज्याचं पाणी गोठतं. शार्लट एलबोर्न ही तरुणी तिच्या खोलीतून नाहीशी होते. तिला नेणारा बॅरन मायर लिंक आपल्याला नीट दिसतही नाही. संवाद जवळजवळ नाहीत. भय उभं करायला किंचाळ्या लागत नाहीत, भोवतालच्या निर्जीव वस्तूंनी मान झुकवली की पुरतं, हे या दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे.

शार्लटचे वडील डीला काम सोपवतात. मुलगी माणूस म्हणून परत आली तर उत्तम, आणि ती 'त्यांच्यातली' झाली असेल तर तिला मारून टाक. मला हा प्रसंग वेड्यावाकड्या चेहऱ्यांच्या सगळ्या राक्षसांपेक्षा भयंकर वाटतो. बाप हे बोलतो तेव्हा त्याच्या आवाजात दुःख असतं, पण अट तो घालतोच. याच कामावर मार्कस भावंडांची टोळीही नेमलेली आहे. त्यांचं चिलखती वाहन, क्रूस लावलेले बाण, अंथरुणाला खिळलेला आणि शरीर सोडून लढणारा ग्रोव्ह, आणि टोळीतली एकटी मुलगी लैला.

मग पाठलाग सुरू होतो आणि हळूहळू कळतं की शार्लटला कुणी पळवलेलंच नाही. ती स्वतःच्या मर्जीने निघाली आहे. मायरने तिचं रक्त एकदाही प्यायलेलं नाही. उन्हाने अंग पेटत असताना तो तिच्यासाठी बग्गीतून बाहेर पडतो. दोघांना पोहोचायचंय चेथच्या किल्ल्यात, कारण तिथे उमरावांच्या काळातलं एक यान आहे आणि ताऱ्यांपलीकडे त्यांच्यासाठी एक नगर आहे असं ते मानतात.

माझं म्हणणं असं की हा शिकारीचा चित्रपट आहे असं आपण समजून बसतो आणि चित्रपट शेवटी शिकारच नाकारतो. किल्ल्यात शार्लट मरते, ती मायरच्या हातून नव्हे, तर तिथे दडून बसलेल्या कार्मिला या जुन्या उमरावीणीच्या कपटाने. त्यानंतर डी आणि मायर यांची लढाई होते. डी जिंकतो. आणि त्याला मारत नाही. शार्लटच्या बोटातली अंगठी तेवढी घेतो, घरच्यांना ती मेल्याचा पुरावा म्हणून. काम पुरं झालं. तिचा देह मायर यानात घेऊन जातो आणि डी त्याला जाऊ देतो.

आता हा डी कोण ते आठवा. त्याचा बाप त्याच जातीचा राजा असल्याचं चित्रपट सुचवत राहतो. म्हणजे आयुष्यभर हा माणूस स्वतःच्याच अर्ध्या रक्ताचा नायनाट करत हिंडतोय. मायर आणि शार्लट यांच्यात त्याला आपलेच आईबाप दिसले असणार. चित्रपट हे वाक्य कुणाच्या तोंडी घालत नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही.

तुम्हाला काय वाटतं? मायरला सोडायला हवं होतं का?

चित्रकथी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी अॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे कथेपेक्षा चित्रांबद्दल लिहितो.

हा मॅडहाउस स्टुडिओचा चित्रपट, २००० सालचा. हाताने रंगवलेल्या सेलवर बनलेल्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी हे एक. त्याच सुमारास जपानमधले स्टुडिओ संगणकावर रंग भरायला लागले होते. सेल म्हणजे प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक ताव. पुढच्या बाजूने रेषा, मागच्या बाजूने रंग, तो रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा आणि वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम टिपायची. या पद्धतीत सगळ्यात अवघड काय, तर काळ्यावर काळं. डीचा झगा काळा, टोपी काळी, घोडा काळा आणि वेळ रात्रीची. साधा काळा भरला तर पडद्यावर नुसता डाग दिसेल. इथे झग्याच्या घड्यांना निळसर-करड्या छटा दिल्यात, कडेला चंद्रप्रकाशाची बारीक रेघ आहे, आणि पार्श्वभूमी काळ्याऐवजी गडद हिरवी, जांभळी, तपकिरी ठेवलीय. एखादी फ्रेम थांबवून बघा, शुद्ध काळा रंग किती कमी वापरलाय ते दिसेल.

दुसरी गोष्ट योशिताका आमानो यांची. हिदेयुकी किकुची यांच्या मूळ कादंबऱ्यांसाठी त्यांनी चित्रं काढली. त्यांची रेघ केसासारखी बारीक, वाहती, अर्धवट सोडून दिलेली. कागदावर ती सुंदर दिसते, पण अॅनिमेशनला चालत नाही, कारण तीच आकृती शेकडो वेळा तंतोतंत काढावी लागते. म्हणून १९८५च्या पहिल्या चित्रपटात पात्रं सोपी करून टाकली होती. 'ब्लडलस्ट'मध्ये युताका मिनोवा यांनी लांबोडके चेहरे, लांब बोटं, वाऱ्यावर पसरणारं कापड असं आमानोंचं जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवलं. डी पळताना त्याचा झगा कसा हलतो ते नीट पाहा. वजन आहे त्या कापडाला. आम्ही विद्यार्थ्यांना ते दाखवतो.

आणि किल्ला! टोकदार कमानी, फासळ्यांसारखी छतं, संपतच नाहीत असे जिने. त्यात माणूस नेहमी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढा. गॉथिक वास्तू माणसाला लहान करण्यासाठीच बांधलेली असते, आणि या चित्रपटात कॅमेरा त्या वास्तूच्या बाजूने उभा आहे.

शेवंती

रातकिडा, लेख आवडला, पण मायरबद्दल तुम्ही फारच हळवे झाला आहात.

तो बार्बरवा गावच्या मारेकऱ्यांना पैसे देऊन संरक्षणाला घेतो. सावलीतून वार करणारा बेंगे, झाडांत शिरणारी कॅरोलाइन, लांडगा होणारा माशिरा. त्यांनी माणसं मारली ती याच्यासाठीच. स्वतःच्या हाताला रक्त लागू न देणारा सरंजामदार दुसऱ्यांच्या हातून काय करवतो, हेही हिशोबात धरायला हवं. त्याचं प्रेम खरं आहे हे मान्य. पण प्रेम खरं असल्याने बाकीचं माफ होत नाही.

आणि शार्लट? ती निघाली स्वतःच्या मर्जीने, हे आपल्याला सांगितलं जातं. पण तिला काय आवडतं, मायर तिला कुठे भेटला, घरात तिचा जीव का घुसमटत होता, यातलं काही दाखवलेलं नाही. बाप तिच्यावर अट घालतो, भावंडं तिला बक्षीस समजतात, कार्मिला तिचं रक्त वापरते, आणि पटकथाही तिला मरायलाच ठेवते.

माझ्यासाठी या चित्रपटाचा प्राण लैला आहे. व्हॅम्पायरांनी आई हिरावली म्हणून ती शिकारी झाली. डी अर्धा उमराव आहे हे कळल्यावर तिला त्याचा तिरस्कारच वाटायला हवा. तरी दोघं एकमेकांचा जीव वाचवतात आणि एक करार करतात: जो आधी मरेल त्याच्या कबरीवर दुसऱ्याने फुलं ठेवायची. दोघांनाही भीती एकच, आपल्यामागे रडणारं कुणी नसेल. मरणाची भीती नाही या दोघांना. मला या चित्रपटातल्या सगळ्या रक्तापेक्षा हे जास्त खोल वाटलं.

गारवा

कोणत्या भाषेत पाहावा? जपानी आवाज आणि इंग्रजी अक्षरं, असंच मी सगळं पाहतो.

उंबरठा

गारवा, एरवी तुमचाच नियम मीही पाळतो, पण इथे उलट करा. हा चित्रपट सुरुवातीपासून परदेशी प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून बनला. इंग्रजी आवाज आधी ध्वनिमुद्रित झाले, जपानी नंतर. जपानच्या चित्रपटगृहांतही तो इंग्रजी संवाद आणि जपानी उपशीर्षकांसह लागला होता. म्हणजे इंग्रजी हीच इथे मूळ आवृत्ती. जपानीतही उत्तम कलाकार आहेत, कोइची यामादेरांचा मायर आणि मेगुमी हायाशिबारांची लैला दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पण पहिल्यांदा इंग्रजीत पाहा. आणि शक्य असेल तर हेडफोन लावा. मार्को द'अँब्रोसियो यांचं संगीत पूर्ण वाद्यवृंदाचं आहे, समूहगान आहे, आणि मोबाइलच्या स्पीकरवर त्याचं पार मातेरं होतं.

दगडफूल

चर्चा छान चालली आहे. मी जरा इतिहासात शिरतो, कारण या चित्रपटाने नावं उगाच निवडलेली नाहीत.

'चेथ'चा किल्ला म्हणजे चेय्टे. हंगेरियन सरदारीण एर्झेबेट बाथोरी हिचा किल्ला, आज तो स्लोव्हाकियात चाख्तित्से या नावाने ओळखला जातो आणि पडझड झालेल्या अवस्थेत उभा आहे. बाथोरीवर नोकर मुलींचे हाल करून त्यांना मारल्याचे आरोप झाले. तिच्या नोकरांवर खटला चालला, त्यांना मृत्युदंड झाला. खुद्द तिच्यावर खटला चाललाच नाही. तिला किल्ल्यात बंदिस्त करून ठेवलं आणि १६१४मध्ये ती तिथेच मेली. तारुण्यासाठी ती कुमारिकांच्या रक्ताने न्हायची ही गोष्ट मात्र तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी, १७२९मध्ये पहिल्यांदा छापली गेली. समकालीन साक्षींत ती नाही. चित्रपटातली कार्मिला पुन्हा जिवंत होण्यासाठी शार्लटचं रक्त मागते, ते या दंतकथेतून आलंय. तिचं नाव शेरिडन ल फानू यांच्या १८७२च्या 'कार्मिला' या लघुकादंबरीतून. ही व्हॅम्पायर स्त्री ड्रॅक्युलापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली आहे.

आता डीकडे येऊ. व्हॅम्पायर बाप आणि माणूस आई यांचं मूल, ही कल्पना बाल्कन प्रदेशातल्या लोकसमजुतीतली आहे. तिथे अशा मुलाला 'धांपिर' म्हणतात. इतरांना न दिसणारा व्हॅम्पायर त्याला दिसतो आणि तोच त्याला मारू शकतो, असा समज. रोमा लोकांमध्ये तर गावं अशा माणसाला मोबदला देऊन बोलवत. म्हणजे पैसे घेऊन गावात येणारा, काम झालं की निघून जाणारा, ज्याची गरजही असते आणि भीतीही वाटते असा शिकारी, ही किकुचींची निव्वळ कल्पना नव्हे. ती लोकांच्या आठवणीतली व्यक्ती आहे.

मजेदार भाग असा की लोककथेतला व्हॅम्पायर मात्र कधीच उमराव नव्हता. १७२५मध्ये सर्बियातल्या किसिलेवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाच्या मेलेल्या शेतकऱ्याने नऊ माणसं मारली अशी ओरड झाली. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत गावकऱ्यांनी त्याचं प्रेत उकरून खुंटी मारली, आणि ती बातमी व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आली. असे प्रकार इतके वाढले की १७५५मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याचा अहवाल मागवून प्रेतं उकरण्यावर बंदी घातली. फुगलेलं, लाल तोंडाचं गावठी प्रेत हा खरा व्हॅम्पायर. झगेवाला, देखणा, खानदानी व्हॅम्पायर इंग्रजी साहित्यात १८१९मध्ये आला. म्हणजे या चित्रपटात शिकारी आलाय गावच्या लोककथेतून आणि शिकार आलीय पुस्तकांच्या कपाटातून. दोघांची गाठ जपानमध्ये पडली.

आणि उन्हाने जळणं! स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरण्याचा प्रकार १९२२च्या एका जर्मन मूकपटातून रूढ झाला. 'ब्लडलस्ट'ने त्यापुढे जाऊन एक सुंदर गोष्ट केली. डी दिवसा फिरू शकतो, पण उन्हाचा साठत गेलेला ताप त्याला मधूनच कोसळवतो, आणि मग त्याला मातीत गाडून घेऊन पडावं लागतं. अर्ध्या रक्ताची किंमत तो शरीराने चुकवतो.

रातकिडा

दगडफूल, चेय्टेचा संबंध मला ठाऊक नव्हता. याने किल्ल्यातला सगळा भाग पुन्हा पाहावासा वाटतोय.

शेवंती, शार्लटबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. तिला आणखी दोन प्रसंग मिळायला हवे होते, निदान मायरशी पहिल्या भेटीचा एक. मारेकऱ्यांबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. मायरने त्यांना नेमलं ते पाठलाग सुरू झाल्यावर. त्याला माणसांशी वैर नव्हतं, त्याला फक्त जायचं होतं. पृथ्वी सोडूनच जायचं होतं. जो कायमचा निघून जातोय त्याच्यामागे दोन टोळ्या सोडणारे लोक कुठल्या न्यायासाठी हे करत होते? मार्कस भावंडांना तर शार्लट जिवंत आहे की नाही याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

लैलाबद्दल एक भर घालतो. शेवटी मायरला यानापर्यंत जायला तीही आडकाठी करत नाही. यान उडताना ते पोहोचावेत असं ती मनापासून म्हणते. आईचा सूड घेण्यासाठी शिकारी झालेली मुलगी एका व्हॅम्पायरच्या प्रवासाला शुभेच्छा देते. डीने त्याला सोडलं ते मोठंच, पण लैलाने सोडणं जास्त कठीण होतं.

पाणकोंबडा

सगळे कौतुकच करताहेत म्हणून उलटं लिहितो. मधला अर्धा तास मला लांबला. बार्बरवाचे तिघे, मार्कसचे पाच, त्यात प्रत्येकाची वेगळी करामत, आणि बहुतेकांना ओळख होईपर्यंत मरण येतं. मार्कस टोळीतला नोल्ट मेला तेव्हा मला त्याचं नावही नीट आठवत नव्हतं. एवढ्या देखण्या चित्रपटाने एखादं पात्र कमी करून ग्रोव्हला वेळ द्यायला हवा होता. अंथरुणातला रोगट मुलगा, आणि लढताना मात्र पंखांसारखा प्रकाश पसरून उडणारा. शेवटी तो स्वतःच्याच भावाला, व्हॅम्पायर झालेल्या बोर्गोफला, मिठी मारून संपवतो आणि स्वतःही संपतो. हा प्रसंग दोन मिनिटांत उरकलाय. यावर वेगळा चित्रपट झाला असता.

चित्रकथी

पाणकोंबडा, ग्रोव्हबद्दल अनुमोदन. पण करामतींची गर्दी हा कावाजिरींचा हातखंडा आहे. १९९३च्या 'निन्जा स्क्रोल'मध्येही त्यांनी एकामागून एक विचित्र शक्तींचे शत्रू आणले होते. तिथे तीच गोष्ट होती. इथे मागे वेगळी गोष्ट चालू असल्याने ती गर्दी खटकते, हे मात्र खरं.

मध्यरात्र

आमच्या पिढीची व्हॅम्पायरशी ओळख नारायण धारपांच्या पुस्तकांतून झाली. वाड्यातला अंधार, दार ठोठावणारं काहीतरी, आणि शेवटी चांगुलपणाचा विजय. त्या वाचनावर वाढलेल्या मला हा चित्रपट सुरुवातीला परका वाटला, कारण यात भय कमी आणि विषाद जास्त. नंतर लक्षात आलं की दिग्दर्शकाला घाबरवायचंच नाही. ज्यांचा काळ संपलाय अशा लोकांची ही गोष्ट आहे. मोडकळीला आलेले उमराव, तसेच शिकारीही, कारण उमराव संपले की शिकाऱ्यांचंही काम संपणार.

त्या घोडे विकणाऱ्या म्हाताऱ्याचा प्रसंग कुणीच लिहिला नाही. गावात शेरीफ आणि त्याची माणसं डीला हुसकावत असतात. म्हातारा त्यांना थांबवतो. तो लहान असताना उमरावांनी गावातली मुलं नेली होती आणि डीने ती परत आणली होती. त्या मुलांतला तो एक. तो आता पिकलेल्या केसांचा, आणि समोर उभा असलेला डी अजून तरुण. गावाने त्या वेळी डीला कसं वागवलं याची लाज म्हाताऱ्याने जन्मभर बाळगलीय. मला डीच्या एकटेपणाबद्दल जे कळलं ते इथे कळलं.

गारवा

काल रात्री पाहिला, इंग्रजीतच. मध्यरात्र म्हणतात तो म्हाताऱ्याचा प्रसंग सगळ्यात आवडला.

एक प्रश्न आहे. मूळ कादंबरी वाचायची तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

उंबरठा

गरज नाही. चित्रपट तिसऱ्या कादंबरीवर आधारलेला आहे, जपानीत ती १९८५ची. मालिका १९८३मध्ये सुरू झाली. प्रत्येक कादंबरीत डी नव्या गावात येतो, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालते. इंग्रजी भाषांतरं २००५पासून निघाली आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: कार्मिला कादंबरीत नाही. ती आणि तिचा किल्ला चित्रपटाने घातलाय.

शेवंती

उंबरठा, ही माहिती महत्त्वाची आहे! म्हणजे कार्मिला मुद्दाम आणली. का, याचा विचार करत होते. ती इतकी रक्तपिपासू होती की उमरावांच्या राजानेच तिला मारलं, असं चित्रपट सांगतो. किल्ल्यात ती प्रत्येकाला त्याचं दुखरं माणूस दाखवते. डीला आई, लैलाला तिचं बालपण, बोर्गोफला गेलेले भाऊ. मायरसमोर ती त्याच्याच स्वप्नाचं आमिष ठेवते, ताऱ्यांपर्यंत जाणारं यान. आणि शार्लटला फसवायला ती मायरचंच रूप घेते. म्हणजे ज्या रूपावर शार्लटने विश्वास ठेवला त्याच रूपाने तिचा गळा धरला.

रातकिडा

अगदी. मला वाटतं कार्मिला आणल्यामुळेच डीला मायरला सोडता आलं. ती नसती तर शार्लटच्या मरणाचा दोष मायरवर किंवा शिकाऱ्यांवर आला असता आणि डीला निवाडा करावा लागला असता. कार्मिला म्हणजे उमराव एके काळी काय होते ते. मायर म्हणजे त्यांच्यातला एक जण काय होऊ शकला ते. डी दोघांना त्याच किल्ल्यात सामोरा जातो, एकीला संपवतो आणि दुसऱ्याला जाऊ देतो. दोघांत फरक करता येणं हेच त्याचं शिकारी म्हणून मोठेपण आहे, आणि शार्लटच्या वडिलांना नेमकं तेच जमलं नव्हतं.

शेवंतींचा मारेकऱ्यांचा मुद्दा अजून उभा आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बेंगे आणि कॅरोलाइनने घेतलेल्या जिवांची जबाबदारी मायरवर किती, यावर कुणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा.

शेवंती

पूर्ण आहे, असं माझं मत. तरीही मी त्याला सोडलं असतं. शार्लटला तिकडे जायचं होतं, आणि तिला तिथवर नेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.